दगडाच्या जागी माणूस नको

वाचकहो, आम्ही दोघे भाऊ. कुर्ल्याला आमचे लहानसे गॅरेज आहे. टॅक्सी, टेम्पो आणि रिक्षा हेच आमचे रोजचे गिऱ्हाईक. पण 2019 साली पाऊस सुरू होण्याच्या सुमारास एक वेगळीच गाडी आमच्या दारात आली. बुटकी, दोन माणसांची, डोक्यावर छत नसलेली. इंग्लंडच्या एम.जी. कंपनीची ‘एमजीए’. ही स्पोर्ट्स कार तिकडे 1955 ते 1962 पर्यंत बनली. लाखाच्या वर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक चुकून मुंबईच्या एका शेठजींच्या घराण्यात आली होती.

गाडी मूळची राहिली नव्हती. इंजिन अ‍ॅम्बॅसॅडरचे बसवलेले होते. ते बसलेही सहज, कारण दोन्ही इंजिने ब्रिटनच्या एकाच कुळातली, दोन्ही 1489 सी.सी.ची. पुढे कुणीतरी हौसेने मागच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक लावले होते. गाडी थांबायची छान, पण त्या कारागिराने लावलेल्या कॅलिपरला हँडब्रेकची सोयच नव्हती. हँडब्रेकची केबल खाली तारेने बांधून ठेवलेली. दांडा नुसता शोभेला.

आम्ही शेठजींना विचारले, “गाडी चढावर उभी कशी करता?” ते हसून म्हणाले, “ड्रायव्हर उतरून दगड लावतो की! तुम्ही फक्त इंजिनाचा आवाज बघा.”

आम्ही मान डोलावली आणि इंजिनाच्या कामाला लागलो. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. गिऱ्हाईक मोठे होते, पैसे रोख होते.

त्या दिवसांत आमचा भाचा गॅरेजमध्ये हाताखाली यायचा. आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकणारा, अठरा वर्षांचा पोरगा. एका संध्याकाळी चाचणी घेऊन परत आलो आणि गाडी गल्लीच्या उतारावर उभी केली. भाच्याला म्हटले, “मागच्या चाकाला दगड लाव रे.” त्याने वाकून दगड सरकवला. नुकताच पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला, दगड गुळगुळीत. आम्ही पायाच्या ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी दगडासकट सरकली. पोराने पाय ओढून घेतला म्हणून वाचला. त्याची चप्पल तेवढी चाकाखाली राहिली.

घरी कुणाला सांगायचे नाही असे ठरवले होते. पण पोरगा एका पायात चप्पल घालून घरी आल्यावर काय लपणार? आईने सगळे ऐकून घेतले. आमचे वडील नाशिककडच्या एका ट्रकवर क्लीनर होते. कसारा घाटात गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा हे त्यांचे काम. त्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने औषधाचे पैसे दिले आणि पुढच्या खेपेला दुसरा पोरगा घेतला.

आई म्हणाली, “तुमच्या बापानं ठोकळा लावला तो पोटासाठी. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तुमच्या हातात एवढी अवजारं आहेत आणि तुम्ही पोराच्या हातात दगड दिलात?”

आम्हाला त्यावर उत्तर नव्हते. घरात बाबासाहेबांचा फोटो, दर रविवारी विहारात वंदना, आणि गॅरेजमध्ये मात्र आम्ही आमच्याच पोराला वडिलांच्या जागी उभे केले होते. शेठजींना दोष देणे सोपे होते. दगड लावायला सांगणारे तोंड आमचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठजींना निरोप धाडला की चालू हँडब्रेक बसवल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाणार नाही. ते म्हणाले, “मग तेलाचा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह लावा. स्वस्तात काम होईल.” आम्ही नकार दिला. तो व्हॉल्व्ह ब्रेकच्या तेलाचा दाब कोंडून ठेवतो. रात्रीतून तेल थोडे झिरपले किंवा थंड होऊन आकसले की दाब उतरतो आणि गाडी मोकळी होते. उभ्या गाडीला धरणारी पकड लोखंडाची हवी, दांडा, केबल आणि पॅड यांची.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरून, मागे डिस्क असलेल्या एका अलीकडच्या गाडीचे कॅलिपर शोधले. त्यांच्या पाठीवर केबलने ओढायची छोटी भुजा असते. ती ओढली की आतला स्क्रू फिरतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबून धरतो. लेथवाल्याकडून जाड पत्र्याचे ब्रॅकेट करून घेतले. दोन्ही चाकांना सारखी ओढ बसावी म्हणून केबल मध्यभागी एका हलत्या जोडावर आणली. मागची हाऊसिंग पाट्यांवर वर-खाली होते, तेव्हा केबलचे बाहेरचे कव्हर कुठे बांधायचे याला फार महत्त्व असते. ते चुकले तर खड्ड्यात चाक गेले की ब्रेक आपोआप ओढला जातो.

पहिला प्रयत्न फसला. दांडा शेवटपर्यंत वर आला तरी चाक हाताने फिरत होते. आम्ही केबल आणखी ताणली, तर चाक मोकळे सोडल्यावरही घासू लागले. भाच्याने विचारले, “मामा, केबल सैल सोडून आधी पायाचा ब्रेक दाबून बघायचा का? पॅड डिस्कजवळ आले नसतील.” पोराचे बरोबर होते. अशा कॅलिपरमध्ये पॅडचे अंतर आधी आतून जमू द्यावे लागते, केबल सगळ्यात शेवटी. आम्ही वीस वर्षांच्या सवयीने उलटे करत होतो.

तरीही ओढ कमीच पडली. मग दांड्याच्या खालची, केबल धरणारी भुजा थोडी लांब केली. केबल जास्त ओढली जाऊ लागली, पण हाताला जोर जास्त लागू लागला. एका बाजूने मिळवले की दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. ते माप जमवण्यात चार दिवस गेले.

मग शेठजींना समोर बोलावून मलबार हिलच्या चढावर गाडी लावली. ड्रम ब्रेक उतारावर चाकाच्या ओढीनेच जास्त आवळला जातो, डिस्कला ती मदत नसते. शिवाय तापलेली डिस्क थंड झाली की आकसते आणि पकड ढिली पडते. म्हणून मुद्दाम ब्रेक तापवून गाडी उभी केली, टायरवर आणि रस्त्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली. पाऊण तासाने पाहिले तर रेघ बोटभर तुटली होती! गॅरेजला परत. केबलचे जुने कव्हर ताण पडला की दबत होते. नवे जाड कव्हर घातले. दुसऱ्या खेपेला दीड तास थांबलो. रेघ जशीच्या तशी होती. भाच्याने खाली बसून स्वतः पाहिली आणि मग दगड उचलून बाजूला टाकला.

शेठजींना एक गोष्ट बजावून सांगितली. आपल्या नेहमीच्या गाडीत दांडा ओढला की अडकतो आणि बटण दाबले की सुटतो. एमजीएमध्ये उलटे आहे. बटण दाबून धरले तरच अडकतो आणि नुसता ओढला की सुटतो. कुणी घट्ट करायला गेला तर ब्रेक निघायचा! त्यांच्या ड्रायव्हरकडून आम्ही दहा वेळा करून घेतले. तो हळूच म्हणाला, “दादा, आता पावसात उतरावं लागणार नाही.”

वाचकहो, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 प्रमाणे, चालक जागेवर नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा बंदोबस्त केल्याशिवाय ती सार्वजनिक जागी उभी करता येत नाही. पण कायदा माहीत नसला तरी एवढे कळायला हवे की कामगाराची सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. 1946 साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. माणसाचे शरीर हे यंत्राची उणीव भरून काढायचे साधन नाही, ही शिकवण आम्ही भाषणांत ऐकली होती. ती अमलात आणायला आम्हाला एका चपलेची किंमत मोजावी लागली. वडिलांना दोन बोटांची मोजावी लागली होती.

आपल्यातले कितीतरी बांधव टेम्पो, टॅक्सी, रिक्षा चालवतात. हँडब्रेक ढिला झाला की आपणही म्हणतो, “चालतंय, दगड लावू.” तसे करू नका. उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स गिअर, चढावर असेल तर पहिला गिअर टाका, पुढची चाके उतारावर कडेच्या दगडाकडे आणि चढावर त्या दगडाच्या उलट दिशेला वळवा आणि हँडब्रेक दुरुस्त करून घ्या. जॅक लावताना चाकाला ठोकळा जरूर लावा, पण आधीच उभ्या असलेल्या गाडीला. सरकू पाहणाऱ्या गाडीमागे आपल्या पोराला वाकायला सांगू नका.

भाचा आता पास होऊन स्वतः मेकॅनिक झाला आहे. खडूचा तुकडा त्याच्या खिशात असतो. हँडब्रेकचे कुठलेही काम झाले की तो टायरवर रेघ ओढतो, आणि रेघ तुटली नाही तरच गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देतो.

जय भीम!