गावखडीला जायचं क्रियापद

"काका, बॅगेत एकच मावेल. कुठलं नेऊ?"

पूर्णगडच्या आमच्या ओटीवर पुतणीने दोन पुस्तकं मांडली होती. बाहेर पावसाची झड. महिनाभरात ती डॉक्टरकी शिकायला रशियाला जाणार. पहिलं पुस्तक माझं: खव्रोनिनाबाईंचं, मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाचं, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकताना घेतलेलं. त्यातलं व्याकरण इंग्रजीतून समजावलेलं. दुसरं नवं, 'दरोगा व रस्सीयू', म्हणजे रशियाकडची वाट; धडे थेट रशियनमध्ये.

तिचे तास इंग्रजीत होतील, पण वॉर्डातली आजी रशियनमध्येच कण्हणार. ती म्हणेल, "म्न्ये प्लोख़ा." शब्दशः 'मला वाईट', म्हणजे मला बरं वाटत नाही. इथे 'मी'चं 'मला' का होतं, हे इंग्रजीतून उलगडताना मी वहीची पानंच्या पानं भरली होती. मला थंडी वाजते, मला आठवतं, मला आवडतं असं लहानपणापासून बोलत आलो, तरी ही तीच रचना आहे हे ओळखायला मला वर्ष लागलं.

असं बरंच आहे. रशियनमध्ये लिंगं 3, आपल्यासारखीच. विभक्ती 6, आणि नामाचा शेवट बदलतो. 'घर'चं 'घरात' करणाऱ्याने त्याला का घाबरावं? 'तिने आपलं पुस्तक उचललं' यातला 'आपलं' इंग्रजीत आणताना अडतो, रशियनमध्ये त्याला 'स्वोय' हा शब्द तयार आहे. नवऱ्याच्या भावाला तिकडे 'द्येविर' म्हणतात. आपला दीरच तो.

मराठीतून रशियन शिकवणारं पाठ्यपुस्तक माझ्या वाट्याला आलं नाही, याची हळहळ अजून आहे. म्हणून मी तिला नवं न्यायला सांगितलं. निदान मधे तिसरी भाषा नको. समास मोकळे आहेत, त्यात मराठी लिही म्हटलं. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला आणि परतताना दाभोळहून जहाजावर चढला. त्याच्या वहीतही रशियनमध्ये तुर्की-फारसी शब्द मिसळलेले आहेत.

अवघड आहे ते निराळंच. आपलं 'जाणं' एकच. रशियनमध्ये पुलावरून चालत खाडीपलीकडच्या गावखडीला निघालात तर 'इत्ती', एसटीने निघालात तर 'येख़त्', होडीने खाडी ओलांडलीत तर 'प्लीत्'. जाऊन परत आलात तर क्रियापद पुन्हा वेगळं. इथे मराठी मदतीला येत नाही, सरावच हवा. हे सांगताना मीच दोनदा चुकलो, आणि जुनं पुस्तक उघडून खात्री केली.

तिने नव्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर किल्ला काढला, मुचकुंदी नदीचं मुख काढलं, पूल आणि पलीकडे गावखडी. मग एकेका वाटेवर बाण ओढून त्यावर क्रियापद लिहायला बसली. होडीचा बाण तिने सगळ्यात आधी भरला.