'मिठाने जंतू मरतात' : एका गुणाची गोष्ट आणि पोटातले मीठप्रेमी जीव



'मीठ घातल्याने पदार्थ जास्त दिवस का टिकतो?' हा प्रश्न आपण दरवर्षी वर्गात विचारतो. उत्तरही ठरलेलं आहे. बाहेर मीठ जास्त झालं की सूक्ष्मजीवांच्या पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि त्यांची वाढ थांबते. 'परासरण' हा शब्द लिहिला की पूर्ण गुण. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, ते मुलांनी घरी पाहिलेलं असतं, त्यामुळे हा भाग समजायला सोपा जातो. उत्तर बरोबरच आहे. पण मुलं त्याचं एक छोटं रूप करून पाठ करतात: 'मिठाने जंतू मरतात.' आजचा लेख या छोट्या वाक्याबद्दल आहे.

आमच्याकडे घटक चाचणीचा तयार संच आला होता. त्यात चूक की बरोबर या प्रश्नात एक विधान होतं: 'मिठात सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत.' उत्तरसूचीत 'बरोबर'. एका मुलीने 'चूक' लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात कारणही लिहिलं: 'आमच्या मिठागरात मीठ धरायच्या आधी पाणी लाल होतं. आजोबा सांगतात ते पाणी जिवंत असतं.' मी तिला गुण दिला. आमच्या सहकारी मॅडमना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, हिला गुण दिलात, मग बाकीच्या चाळीस जणांचं काय? आणि उद्या बोर्डात हिने असंच लिहिलं तर तिथे तुम्ही असणार आहात का?" प्रश्न रास्त होता. नुसतं 'मुलीने विचार केला' एवढं म्हणून भागणार नव्हतं. तिचं म्हणणं खरं आहे का, ते दाखवायला हवं होतं.

ते खरं आहे. मिठागरात पाणी आटत जातं, खारटपणा वाढत जातो आणि एका टप्प्यावर पाणी गुलाबी-लाल दिसायला लागतं. हा रंग ड्युनालिएला नावाच्या शैवालाचा आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असतो. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ती बातमी आपण सर्वांनी वाचली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासलं, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्किया. दिसायला ते जिवाणूंसारखेच, पण त्यांचा गट वेगळा. हा वेगळेपणा कार्ल वूझ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७७ मध्ये दाखवला.

इथपर्यंत ठीक आहे. मिठागर खारं, सरोवर खारं, तिथे मीठप्रेमी जीव असणारच. मला जास्त नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. असे जीव माणसाच्या आतड्यातूनही मिळाले आहेत.

हे कसं कळलं? प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर त्यांना योग्य खाद्य, तापमान आणि हवा लागते. आपण ताटात जे वाढू, ते ज्याला चालेल तोच जेवायला बसणार. फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी ताटंच बदलून पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शौचाचे फक्त तीन नमुने होते, पण ते २१२ वेगवेगळ्या परिस्थितींत वाढवून पाहिले. ३४० प्रजाती मिळाल्या, त्यांतल्या ३१ विज्ञानाला नवीन होत्या. पुढे याच गटाने खाद्यात भरपूर मीठ घालून पाहिलं. त्या खारट ताटांत जिवाणू तर वाढलेच, शिवाय हॅलोफेरॅक्स मॅसिलिएन्सिस हा मीठप्रेमी आर्कियासुद्धा वाढला. तो आधीही नमुन्यात होताच. त्याला हवं ते ताट कुणी मांडलं नव्हतं.

आता वाढलेला जीव नवा आहे की ओळखीचा, हे कसं ठरवायचं? सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक जण ठिपके नाहीतर काड्याच दिसतात. म्हणून त्यांचा डीएनए वाचतात. आधी एकच ठरावीक जनुक, साधारण १५०० अक्षरांचं, ओळखीच्या प्रजातींशी ताडून पाहतात. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर हा नवा असावा अशी शंका येते. मग सगळा जीनोम वाचून खात्री करतात. मीठप्रेमी जीवाचा पूर्ण जीनोम २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तो हॅलोबॅक्टेरियमचा होता, सुमारे २५ लाख ७० हजार अक्षरांचा. आपल्या दृष्टीला न दिसणाऱ्या जीवाची एवढी मोठी पोथी!

या पोथीत मिठात जगण्याच्या दोन रीती सापडतात आणि दोन्ही वर्गात सांगण्यासारख्या आहेत.

पहिली रीत बऱ्याच मीठप्रेमी जिवाणूंची. बाहेर मीठ जास्त असेल तर पेशीच्या आत एक्टोइनसारखे विरघळणारे पदार्थ साठवायचे. आतलं आणि बाहेरचं पारडं सारखं झालं की पाणी बाहेर जात नाही. एक्टोइन १९८५ मध्ये एका मीठप्रेमी जिवाणूत सापडलं. आज ते त्वचेच्या मलमांत आणि डोळ्यांच्या थेंबांत वापरतात. एक्टोइन बनवणारी जनुकं जीनोममध्ये दिसली की हा जीव कोणत्या तयारीनिशी आला आहे ते कळतं.

दुसरी रीत हॅलोबॅक्टेरियमसारख्यांची. ते पेशीच्या आतच भरपूर पोटॅशियम भरून घेतात. एवढ्या क्षारात साधी प्रथिनं टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रथिनांत आम्लधर्मी अमिनो आम्लं खूप जास्त असतात. हे जीनोममध्ये स्पष्ट वाचता येतं. आणि गंमत म्हणजे असा जीव गोड्या पाण्यात टाकला तर तो फुटतो! परासरणाचा नियम तोच, दिशा उलटी. म्हणजे धडा खोटा ठरत नाही, उलट तो आणखी पक्का होतो. खोटं ठरतं ते 'मिठाने जंतू मरतात' हे छोटं वाक्य.

इथे मुलांना आणखी एक फरक सांगावा. काही जीव मीठ सोसतात, काही मीठ मागतात. गळवं आणणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस पहिल्या प्रकारातला. प्रयोगशाळेत त्याला वेगळं काढायला साडेसात टक्के मिठाचं खाद्य वापरतात, कारण त्यात बाकीचे बहुतेक मागे पडतात. हॅलोबॅक्टेरियम दुसऱ्या प्रकारातला, त्याला मिठाशिवाय जगताच येत नाही.

मात्र जीनोम वाचला म्हणजे सगळं कळलं असं नाही. आतड्यातला खारटपणा साधारण रक्ताइतका, एक टक्क्याच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात तो साडेतीन टक्के. मग दहा टक्के मिठात खूश असणारा जीव पोटात काय करतो? तो तिथे राहतो, की खारवलेल्या अन्नातून येऊन नुसता पुढे जातो? बाजारातल्या मिठातही जिवंत हॅलोआर्किया सापडले आहेत, आणि बॅसिलसचे नातेवाईक बीजाणू करून वाईट काळ काढू शकतात. जनुक असणं म्हणजे घरात सुरी असणं. तिने आज भाजी चिरली का, हे सुरीकडे बघून कळत नाही.

ही माहिती वर्गात सांगितल्यावर एका पालकांचा फोन आला. "सर, एक विचारू का? मुलगी म्हणते पोटात मीठ खाणारे जंतू असतात. मग त्यांच्यासाठी मीठ जास्त खायचं की कमी?" मी म्हटलं, "ताई, जंतूंचा विचार बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. कारण रक्तदाबाचं आहे, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाणही मोजायचं." मार्सेच्या गटाला जास्त खारट शौचात आणि लठ्ठ व्यक्तींत मीठप्रेमी जिवाणू अधिक आढळले होते. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. हेही मुलांना याच निमित्ताने सांगता येतं.

मॅडम आणि माझं एका मुद्द्यावर एकमत झालं. फळ्यावर आता आम्ही असं लिहितो: 'जास्त मिठात बहुतेक सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत, काही मात्र मिठाशिवाय जगू शकत नाहीत.' गुणाबद्दल मतभेद आहेतच. त्या म्हणतात उत्तरसूची सर्वांना सारखी हवी. मी म्हणतो सारखी हवी, पण ती सूची बरोबरही हवी. मधला मार्ग म्हणून आमच्या चाचणीत चूक-बरोबरच्या पुढे आता 'कारण लिहा' अशी एक ओळ असते. तपासायला वेळ जास्त लागतो, पण मिठागरातून, शेतातून, स्वयंपाकघरातून आलेली कारणं वाचायला मिळतात.

वर्गात करायला एक सोपा प्रयोग सांगतो. जिवाणू वाढवण्याचे प्रयोग शाळेत करू नका, शौचाच्या नमुन्याचे तर अजिबातच नको. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात, एक दाट मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. साध्या पाण्यातली ताठ राहते, मिठातली लुळी पडते. मुलं ते हाताने तपासतील आणि परासरण वहीत लिहून मोकळी होतील. मग विचारा: मिठाच्या पाण्यातही ताठ राहणारी चकती बनवायची असेल, तर तिच्या आत काय भरावं लागेल? उत्तरं लगेच सांगू नका. आधी सगळ्यांना लिहू द्या.