दोन आज्या, एक आजोळ

भाचीच्या मोबाइलमध्ये दोन आज्यांचे नंबर आहेत: 'आजी सांगली' आणि 'आजी डोंबिवली'. मराठीनं सोडून दिलेलं काम पोरीनं गावांकडून करून घेतलं. एरवी आपली भाषा नात्यांच्या बाबतीत भलती काटेकोर. आत्या वेगळी, मावशी वेगळी. काकाला चुकून मामा म्हणून बघा! पण एक पिढी वर चढलं की सगळा हिशेब सैल. आईची आई आजी, वडिलांची आईही आजीच.

हिंदीत दादी आणि नानी, तेलुगूत नायनम्मा आणि अम्मम्मा. स्वीडिश माणूस तर सरळ जोडशब्दांचा व्यवहार करतो: आईची आई 'मोरमोर', बापाची आई 'फारमोर'. बंगालीत ठाकुमा वडिलांकडची, दिदिमा आईकडची. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांच्या 1907 सालच्या लोककथासंग्रहाचं नाव 'ठाकुरमार झुली'. त्या आजीच्या झोळीतून राजपुत्र आणि राक्षस निघतात. आमच्या आजीबाईच्या बटव्यातून ओवा, सुंठ, वेखंड. कथेची हौस असणाऱ्यानं बंगालमध्ये जन्मावं, पोट दुखणाऱ्यानं इकडे.

चीनमध्ये मात्र हे प्रकरण हातघाईवर आलं. दक्षिणेकडे आईच्या आईला 'वायपो' म्हणतात आणि त्यातल्या 'वाय'चा अर्थ 'बाहेरची'. शांघायच्या एका शालेय पुस्तकात 'वायपो' काढून उत्तरेकडचा 'लाओलाओ' घातला होता. 2018 मध्ये ते लोकांच्या लक्षात आलं आणि ते खवळले. शेवटी शिक्षण खात्यानं मूळ शब्द परत घालायला लावला. 'बाहेरची' हा शिक्का खटकण्याऐवजी तोच शब्द हवा म्हणून लोक भांडले, कारण लहानपणी हाक त्याच शब्दानं मारली होती. हाक मारताना फोड कोण करतो?

मराठीनं आजीला बाहेरची म्हटलं नाही, हे बरंच केलं. पण ही भाषा लबाड आहे. नात्यात जे सोडलं ते घराच्या नावात धरून ठेवलं: आजोळ म्हणजे फक्त आईचं माहेर. वडिलांची आई घरातच असायची, तिच्याकडे 'जायचं' कुठे? साहजिकच शुभंकरोती, पाढे, 'पानात टाकू नकोस' हे सगळं तिच्या वाट्याला, आणि मे महिन्यातले लाड दुसरीच्या. आता दोघी आपापल्या फ्लॅटमध्ये असतात, नातवंडं सुट्टीत दोन्हीकडे राहून येतात. तरी डोंबिवलीला जाताना भाची 'आजोळी चाललेय' म्हणते आणि सांगलीला जाताना नुसतं 'गावी'. सांगलीच्या आजीला ते मुळीच आवडत नाही. तिचं म्हणणं, आमरस तर दोन्हीकडे सारखाच असतो.