ताडोबा देवाची वाट

मोहर्ली,
मार्गशीर्ष

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. ॲलेघेनी काउंटीचा खटला वर्गात शिकवला आणि तो तुझ्याच पिट्सबर्गचा निघाला, याचा तुला आनंद झालेला दिसतो. कोर्टाच्या मुख्य जिन्यावर एका कॅथलिक मंडळाने मांडलेला येशूजन्माचा देखावा, आणि जवळच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी नाताळवृक्षाशेजारी उभी केलेली ज्यूंची 18 फुटी मेनोरा, म्हणजे त्यांचं दीपदान. 1989 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पहिला देखावा घटनाबाह्य ठरवला, दुसरा चालू दिला. जिन्यावरचा देखावा बघणाऱ्याला सरकारच त्या धर्माची साक्ष देतंय असं वाटलं असतं. बाहेर वृक्ष होता, महापौरांची स्वातंत्र्याविषयीची पाटी होती, त्यामुळे तसं वाटत नव्हतं. एवढा बारीक भेद. आणि मग तू विचारतेस, मामा, आपल्याकडे सरकारी जागेवरच्या देवाचं काय?

आपल्याकडेही हा वाद आहे. तो डिसेंबरची वाट बघत नाही एवढंच. पोलीस ठाण्यात गणपती बसतो, एसटीच्या आगारात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, कचेरीत सत्यनारायण होतो, आणि कुणी बोललं तर तोच वाईट ठरतो. 2011 मध्ये गुजरात हायकोर्टाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला एका नागरिकाने हरकत घेतली, तर कोर्टाने याचिका फेटाळून त्यालाच 20,000 रुपये भरायला लावले. पण मार्च 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयाच्या कार्यक्रमात न्यायमूर्ती अभय ओक यांनी उलट सांगितलं. कोर्टाच्या समारंभातली पूजाअर्चा आता थांबवू या, त्याऐवजी घटनेच्या उद्देशिकेपुढे मान झुकवू या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला ते मनापासून पटलं. पंढरपूरच्या शासकीय महापूजेवरही 1970 च्या सुमारास समाजवादी मंडळींनी हा प्रश्न उभा केला होता. निधर्मी राज्याने पूजा का करावी, असं ते विचारत होते. पूजा खंडितही झाली. मग 1972 चा दुष्काळ आला, लोक बोलू लागले, आणि पूजा परत सुरू झाली. आज आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक बसतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

माझं मत विचारशील तर कचेरीत देव नको. सरकारी खुर्चीवर बसलेल्या माणसाने तिथे पूजा केली की समोर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस मनातल्या मनात हिशेब करतो, हा साहेब माझा की त्यांचा. तो हिशेब त्याला करावा लागू नये. इथपर्यंत मी तुझ्या प्राध्यापकांच्या बाजूने आहे.

पण पोरी, मी मोहर्लीत राहतो. इथे प्रश्न उलटा आहे, आणि तो तुझ्या पुस्तकात सापडणार नाही म्हणून हे पत्र लांबणार आहे.

मोहर्लीच्या फाटकातून आत गेलं की तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळचे आहेत म्हणून सांगतात. पुढे ताडोबाचं तळं, आणि तळ्याच्या काठाला मोठ्या झाडाखाली देवाचं ठाणं. तारू हा त्या भागातल्या गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला. तारूचा ताडोबा. तळ्याची आणखी एक गोष्ट म्हातारी माणसं सांगतात. तहानलेलं एक वऱ्हाड इथे थांबलं, पाण्यासाठी जमीन खणली आणि पाणी इतकं उसळलं की सगळं बुडालं. पौषात इथे आदिवासींची यात्रा भरण्याची रीत फार जुनी.

आता तारखांकडे बघ. 1935 मध्ये इथे शिकार बंद झाली. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअरचं क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर. प्रत्येक तारखेला जंगल थोडं अधिक सरकारचं होत गेलं, आणि वाघ वाचला, हे मी नाकारत नाही. ही जमीन सरकारी झाली तेव्हा देव तिथे आधीच बसलेला होता. पिट्सबर्गच्या जिन्यावर देखावा कुणीतरी आणून मांडला. इथे देवाच्या भोवती जिना बांधला गेला. उद्यानाला नावही त्याचंच दिलं. देशभरातले लोक ज्या नावासाठी सफारीची नोंदणी करतात, ते एका गोंड देवाचं नाव आहे.

तू वकिलीची विद्यार्थिनी, तेव्हा कायद्याचं पान उघड. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, कलम 28. अभयारण्यात जाण्याचा परवाना कोणत्या कामांसाठी मिळेल त्याची यादी तिथे आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. कलम 35 ने हेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. कलम 27 मध्ये परवान्याशिवाय कोण जाऊ शकतो ते आहे: कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत जमिनीचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, असे काही. दोन्ही याद्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. देवाला जाणारा माणूस त्यांत नाही.

म्हणजे पुण्याहून आलेला माणूस जिप्सीत बसून ताडोबाच्या तळ्यावर हक्काने जातो, कारण तो पर्यटक आहे. ज्याच्या आज्याने त्या झाडाखाली नारळ फोडला, त्याच्यासाठी कायद्यात रकाना नाही. त्याला अधिकाऱ्याच्या मर्जीवर जायचं. चांगला अधिकारी असला की वाट मिळते, आणि मी इथे चांगले अधिकारी पाहिलेत. पण मर्जी आणि हक्क यांत जो फरक आहे, तोच तू शिकायला एवढ्या लांब गेलीस ना? याच कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. पाळीव हत्ती धार्मिक किंवा इतर कारणासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देण्याची वाट त्यात मोकळी केली गेली. धर्म हा शब्द संसदेला त्या दिवशी आठवला. तो देवळांच्या हत्तींसाठी आठवला. जंगलात पायी जाणाऱ्या भाविकासाठी नाही, याचं मला दुःख आहे.

मोठ्या देवांना अडचण येत नाही. शबरीमला पेरियार व्याघ्र प्रकल्पात आहे. रणथंबोरच्या किल्ल्यातला त्रिनेत्र गणेश वाघांच्या मुलखात आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे जत्रा लोटते. आपल्या विदर्भातले लोक नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जातात, ते पचमढीचं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं. वर्षभर बंद असलेली वाट त्या दहाएक दिवसांसाठी प्रशासन उघडतं, बंदोबस्त ठेवतं, गाड्यांची सोय करतं. या यात्रा बंद करा असं मी म्हणत नाही. हजारो माणसांसाठी जे जमतं ते काही गावांच्या पौषातल्या यात्रेसाठी कायद्याने पक्कं का होत नाही, एवढंच विचारतो. माणसं थोडी, त्यांचा देव दगड आणि झाडाचा, त्यांच्यामागे मोठं देवस्थान नाही. राज्य धर्मापासून वेगळं आहे की नाही, हे मी अशा ठिकाणी तपासतो.

बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून उठली. केंद्राच्या 2008 च्या पुनर्वसन योजनेत कुटुंबामागे 10 लाखांचा हिशेब होता, आणि त्यातल्या सामुदायिक सुविधांच्या वाट्यात रस्ता, पाणी, विजेसोबत प्रार्थनास्थळ आणि स्मशानही धरलं होतं. योजना करणाऱ्याची नियत वाईट नव्हती. पण गोंडांचा देव झाडाला, डोहाला, डोंगराला धरून असतो. नव्या गावात सिमेंटचं देऊळ बांधून दिलं म्हणजे तो मागोमाग चालत येत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे ती जागाच मागे राहते.

तुझ्याकडच्या एका निकालाने माझी झोप उडवली होती. तो 1988 चा लिंग (Lyng) खटला. कॅलिफोर्नियातल्या सरकारी जंगलात युरोक, कारुक आणि टोलोवा जमातींची पवित्र ठिकाणं होती, तिथून वनखात्याला रस्ता न्यायचा होता. सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की रस्त्याने त्या लोकांच्या उपासनेची मोठी हानी होईल. तरीही बहुमताने निकाल सरकारच्या बाजूने गेला, कारण जमीन सरकारची. जे कोर्ट पुढच्याच वर्षी एका देखाव्यातून सरकारचा कल वाचणार होतं, त्याला जंगलातली अख्खी उपासना बुडण्यात घटनेचा भंग दिसला नाही. जेफरसनने 1802 मध्ये डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात राज्य आणि धर्म यांच्यातली भिंत म्हटली, ती अल्पसंख्य पंथाला धीर देण्यासाठी होती. हे तुझ्या प्राध्यापकांना माझ्या वतीने विचार: भिंत आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंची जमीन सरकारचीच असेल तर दुबळ्याने कुठे उभं राहायचं? तो रस्ता पुढे झाला नाही, कारण तिथल्या संसदेने, काँग्रेसने, ते रान राखीव केलं. लोकांना कोर्टाने वाचवलं नाही.

आपल्या कोर्टाने यात अधिक चांगलं काम केलंय, हे अभिमानाने सांगतो. 18 एप्रिल 2013 च्या नियमगिरी निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की डोंगरिया कोंधांच्या देवाचा डोंगर खाणीला द्यायचा की नाही, त्यांच्या धार्मिक हक्कांना धक्का बसतो का, हे ग्रामसभांनी विचारात घ्यावं. 12 ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी नकार दिला. मग आपल्या शेजारी गडचिरोलीत सूरजागडचा डोंगर बघ. तिथे ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते, आणि त्याच डोंगरातून लोहखनिज निघतं. निकाल पुस्तकात आहे. डोंगर रोज थोडा कमी होतो.

तू म्हणशील, मामा, मग उद्या कुणीही जंगलात दगडाला शेंदूर फासेल. खरंय, आणि त्याला माझा विरोध आहे. 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत धर्मस्थळं उभारायला बंदी केली, ती योग्यच आहे. वनजमिनीवर स्लॅब टाकायचा, कमान उभारायची, भोंगे लावायचे, मग रस्ता मागायचा, ही रीत जंगलाला मारक आहे, मग ती कुठल्याही धर्माची असो. सरकारने एका भाविकाला परत पाठवायचं आणि दुसऱ्याचा स्लॅब बघून न बघितल्यासारखं करायचं, हेही नको. जमीन सरकारी होण्याआधीपासून जिथे उपासना चालत आली, जिथे नवं बांधकाम मागितलेलं नाही, ती एका बाजूला. नंतर येऊन जागा धरणारा दुसऱ्या बाजूला. या दोघांना एकच नियम लावणं मला न्याय वाटत नाही.

वाघाच्या बाजूनेही अटी हव्यात. ठरलेले दिवस, ठरलेली संख्या, उजेडात जाऊन उजेडात परत, प्लास्टिक नाही, जाळ नाही, बकरं नाही. या अटी घालण्याचा वनखात्याला पूर्ण अधिकार आहे. त्या ग्रामसभेसोबत बसून ठरवाव्यात आणि लिहून ठेवाव्यात.

आणि तसं करायला नवा कायदा लागत नाही. 2006 चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. त्याच्या कलम 3(1)(एल) मध्ये शिकार सोडून इतर कोणताही परंपरागत हक्क मान्य करता येतो, आणि नियम 13 ने पवित्र ठिकाणं आणि दफनभूमी हे दाव्याचा पुरावा म्हणून चालतात. ताडोबाची पौषातली वाट हा असाच हक्क आहे. तो भाविकांच्या गावांनी मागायला हवा, उपविभागीय आणि जिल्हा समितीने मान्य करायला हवा. त्या दिवसापासून फाटकावरच्या माणसाला हो म्हणायला कुणाची मर्जी सांभाळावी लागणार नाही, आणि पुढचा अधिकारी कसाही आला तरी वाट उघडी राहील.

दाव्याचा मराठी मसुदा मी लिहायला घेतलाय. म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेणं चालू आहे, जुनी गॅझेटियर काढून बघायची आहेत. तुझ्या परीक्षा संपल्या की तो वाच. कलमांची मांडणी कुठे ढिली आहे ते लाल शाईने दाखव, आणि नियमगिरीच्या निकालातले लागू पडणारे परिच्छेद काढून पाठव. हा दावा मी नाही, ग्रामसभा करणार आहे, तेव्हा भाषा सोपी ठेव, सभेत वाचून दाखवता आली पाहिजे. पौष लागायच्या आत आला तर फार बरं होईल.

तुझा,
मामा