नुसते पाइप नव्हेत!

दादाने बाबांना लिव्हरचा तुकडा दिला, तेव्हा मी काय केलं? डबे पोचवले. फायली या मजल्यावरून त्या मजल्यावर नेल्या. झेरॉक्स काढल्या. ब्लड ग्रुप जुळला नाही, त्यामुळे डोनर म्हणून मी पहिल्याच फेरीत आउट! नातेवाईक दादाला म्हणायचे, 'धन्य आहेस रे!' आणि मला, 'जरा चहा सांगतेस का?'

खरं टेन्शन होतं दादाचं. त्याच्या लिव्हरचा जवळपास ६० टक्के भाग काढणार होते. पोरगी दीड वर्षाची. "उरलेलं वाढतं," डॉक्टर म्हणाले. पण त्याला वाढायला सांगतं कोण? ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून मी तेच वाचत होते.

रक्तवाहिन्या म्हणजे पाइप, हा आपला शाळेतला फंडा. रक्त न्यायचं, आणायचं, संपलं. पण २००१ मध्ये फिलाडेल्फियात केनेथ झारेट यांच्या टीमने उंदरांच्या गर्भात वेगळंच पाहिलं. वाहिन्यांमधून रक्त वाहायला लागण्याआधीच त्यांच्या पेशी लिव्हरच्या वाढीला हातभार लावत होत्या. त्या पेशी नसल्या, की लिव्हरची सुरुवात व्हायची आणि गाडी तिथेच अडायची.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या शाहीन रफी यांच्या टीमने उंदरांचं ७० टक्के लिव्हर काढून पाहिलं. उरलेल्या भागातल्या बारीक वाहिन्यांच्या अस्तराने एचजीएफसारखी प्रथिनं सोडली आणि लिव्हरच्या पेशींना वाढायला लावलं. अस्तराच्या पेशी स्वतः वाढल्या त्यानंतर. आधी दुसऱ्याचं, मग आपलं!

हे उंदरांमधलं, मान्य. पण त्या प्लास्टिकच्या खुर्चीत मला तेवढाच आधार होता. आत कुणीतरी कामाला लागलं असेल, असं वाटत राहिलं.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. दादाचं लिव्हर जवळजवळ पहिल्याएवढं! बाबा तर केव्हाच सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायला लागले होते.

रिपोर्ट घेऊन परतताना दादा रिक्षात हळूच म्हणाला, "आदल्या रात्री मी नाही म्हणणार होतो. बॅगसुद्धा भरली होती. तेवढ्यात तू डबा घेऊन आलीस आणि बारा वाजेपर्यंत फालतू बडबड करत बसलीस. राहिलं मग."

मी काय बोलले होते, मला आठवत नाही. डब्यात मुगाची खिचडी होती, एवढं आठवतं.

आजही घरी कुणी आलं, की चहाला मीच उठते. फक्त 'मी काय केलं?' हा प्रश्न आता विचारत नाही.