पाच हजार तीनशे रुपयांचा फरक

आमच्या घराण्यात ऑनलाइन खरेदीचे काम माझ्याकडे असते. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला कुणी फसवणार नाही, असा सगळ्यांचा समज आहे. गेल्या जुलैत भाचा मालवणहून रत्नागिरीला आला, तेव्हा पावसाने छपरावर थैमान घातले होते. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, “खाला, तुमच्या मोबाइलवरून एक घड्याळ मागवायचंय. अठरा हजार दोनशेचं.”

“अठरा हजारांचं घड्याळ? सोन्याचं आहे का?”

तो हसला. ते घड्याळ नव्हतेच. मनगटावर बांधतात म्हणून घड्याळ म्हणायचे, एवढेच. पाण्याखाली उतरणाऱ्यांचे ते यंत्र, डाइव्ह कॉम्प्युटर.

भाचा तीन हंगाम मालवणात स्कूबाच्या होडीवर काम करत होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्याखालची रंगीत मासळी दाखवायची. तिथे खोली फार नसते. आता ऑक्टोबरपासून अंदमानात नोकरी मिळाली होती. तिथे तीस मीटरपर्यंत उतरायचे, तेही दिवसातून दोन-तीन वेळा. अशा कामाला स्वतःचे यंत्र हवेच.

माझ्या धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. वडील कुवेतला. बहिणीने मला फोन करून एवढेच विचारले, “आपा, ते यंत्र नक्की करतं काय?” तिला सांगण्यासाठी मी आधी स्वतः समजून घेतले. वाचकांच्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी या कामाकडे वळत असेल, म्हणून इथेही सांगते.

समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो. त्या दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. सोड्याची बाटली हळू उघडली तर वायू सावकाश निघून जातो, झटक्यात उघडली तर फेस उसळतो. माणसाच्या शरीराचेही तसेच. घाईने वर आलो तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होतात. त्याने माणूस पंगू होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

किती खोल, किती वेळ याचा पहिला शास्त्रीय तक्ता ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले होते. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी हा हिशेब आणखी बारकाईने मांडला. आजची अनेक यंत्रे त्यांचेच गणित वापरतात. एका प्रचलित तक्त्यानुसार पहिल्या डुबकीत अठरा मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, तीस मीटरवर फक्त २०. पण माणूस एकाच खोलीवर थांबत नाही. वर-खाली होतो आणि दोन तासांनी पुन्हा उतरतो, तेव्हा आधीचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो. यंत्र हा सगळा हिशेब क्षणाक्षणाला करत राहते. किती मिनिटे उरली ते दाखवते आणि माणूस वेगाने वर येऊ लागला तर ओरडते.

हे ऐकून बहीण गप्प झाली. मग म्हणाली, “चांगलं घ्या.”

भाचा महिन्यापूर्वीच आपल्या उस्तादांबरोबर गोव्यातल्या एका विक्रेत्याकडे जाऊन आला होता. त्या गृहस्थांनी तासभर बसवून तीन यंत्रे दाखवली, मनगटावर बांधून बटणे दाबायला लावली. त्यातले इटलीचे एक याला आवडले. किंमत २३,५००. तेच यंत्र मोबाइलवर १८,२०० ला दिसत होते. फरक ५,३०० रुपयांचा.

सरळ सांगते, मीही तोच हिशेब केला. पाच हजारांत मुलाचे अंदमानपर्यंतचे भाडे निघाले असते. त्या विक्रेत्याचा तासभर आपण घेतला, हा विचार मनात आला होता. पण मी तो बाजूला सारला आणि बटण दाबले.

आठ दिवसांनी पार्सल आले. खोका नवा, वर प्लास्टिक. भाच्याने यंत्र चालू केले आणि आत जुन्या डुबक्यांची नोंद शोधू लागला. नव्या यंत्रात ती कोरी असायला हवी. तिथे अकरा डुबक्या होत्या. सर्वांत खोल ९८ फूट, म्हणजे तीस मीटर. मागच्या बाजूला बॅटरीच्या झाकणाच्या खाचेत नाणे फिरवल्याचे ओरखडेही दिसले.

कुणीतरी ते अकरा वेळा समुद्रात नेले होते आणि परत केले होते. का परत केले? पाणी शिरले होते की खोली चुकीची दाखवत होते? सांगणारे कुणी नव्हते.

“चालतंय की, खाला,” भाचा म्हणाला. तरुण मुलांना सगळेच चालते.

मला अब्बा आठवले. मालवणच्या बाजारात त्यांचे जाळ्याच्या सुताचे छोटे दुकान होते. रीळ देताना दोरा कुठे विरला असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी ते बोट ठेवून दाखवायचे. “हा ऐब आहे, भाव कमी लावतो, घ्यायचं तर घ्या.” दर्यात जाळे तुटले तर होडीवाला माझ्याच दारात येणार, असे ते म्हणत. या यंत्राच्या बाबतीत आम्ही कुणाच्या दारात जाणार होतो? वेबसाइट एक, विक्रेता दुसराच, पत्ता तिसऱ्या राज्यातला. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही.

परत करायला एकोणीस दिवस लागले. पहिले चार दिवस फोनवर संगीत ऐकण्यात गेले. मग मी नोंदीचे फोटो काढून वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते. हे त्यांना तारखेसह लिहिले, तशी चक्रे फिरली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही लिहून ठेवला होता, पण गरज पडली नाही. पैसे परत आले, अल्लाहचे शुक्र.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी भाच्याबरोबर मी गोव्याला गेले. त्या दुकानाची पायरी चढताना मला खरेच संकोच वाटत होता. काय घडले ते मी न लपवता सांगितले. विक्रेते वयस्क गृहस्थ. टोमणा मारला नाही. “बसा बाई,” म्हणाले आणि पाणी मागवले.

त्यांनी आमच्यासमोर सीलबंद खोका फोडला. नोंद कोरी असल्याचे दाखवले. फुटांऐवजी मीटर लावले, टाकीत साधी हवा आहे की जास्त ऑक्सिजनचे मिश्रण, ते कुठे भरायचे हे शिकवले. ते चुकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. बॅटरीच्या झाकणाखालची रबरी कडी दाखवली. तिच्यावर एक केस अडकला तरी पाणी आत जाते. शिक्क्याचे वॉरंटी कार्ड आणि पक्के बिल दिले.

मग त्यांनी भाच्याला विचारले, “खाली पंचवीस मीटरवर आहेस आणि पडदा कोरा झाला. काय करशील?”

“जोडीदाराचं यंत्र बघून पुढं चालू ठेवीन.”

“नाही.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. “त्याचं यंत्र त्याच्या शरीराचा हिशेब ठेवतं. सकाळी तू एक डुबकी जास्त मारली असशील, तो पाच मीटर वर राहिला असेल. डुबकी तिथंच संपवायची. जोडीदाराबरोबर सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि पुढचे चोवीस तास पाण्यात उतरायचं नाही.”

भाचा खाली मान घालून ऐकत होता. तीन हंगाम काम केलेल्या मुलाला हे ठाऊक असायला हवे होते. पण ते उथळ पाण्यातले काम, तिथे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. मी मनात म्हटले, पाच हजार तीनशे रुपये या एका प्रश्नाचे.

ऑनलाइन खरेदी वाईट, असे मी म्हणत नाही. शाळेची निम्मी पुस्तके मी तशीच मागवते. भाच्याचा पोहण्याचा चष्माही तसाच आला आणि उत्तम निघाला. दुकानातही जुना माल खपवणारे असतात. पण ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे, ती घेताना विक्रेता त्या कंपनीचा अधिकृत आहे का, बिघडली तर दुरुस्ती कुठे होईल, बॅटरी घरी बदलता येते का, हे आधी विचारावे. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कर जमेस धरावेत, स्वस्ताई तिथेच विरते. साध्या घड्याळावर ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ ते घालून तीस मीटर खाली उतरावे असा मुळीच नाही. आणि एखाद्याकडे तासभर बसून शिकलात, तर त्या शिकण्याचीही किंमत असते. मी स्वतः शिक्षिका असून हे विसरले होते.

भाचा ऑक्टोबरमध्ये अंदमानला गेला. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी मगरिबनंतर त्याचा संदेश आला. सोबत यंत्राचा फोटो होता, खोली २८ मीटर. खाली लिहिले होते, “खाला, आज वर येताना एका पाहुण्याला घाई झाली. त्याच्यामागं मीही घाई करत होतो. घड्याळ ओरडलं.”

मी लगेच बहिणीला फोन करून वाचून दाखवले. खोली, मिनिटे यातले तिला काही नको होते.

“थांबला ना?” तिने विचारले.

“थांबला.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “त्या गोव्याच्या भाईंना सलाम सांग.”