हरवलेलं टार्गेट

चऱ्होलीहून समुद्र घाटापलीकडे. तरी जवळच्या संस्थेत मी मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलांना रडार सिम्युलेटर शिकवतो, आणि त्यांच्यासाठी हमखास ऑगस्टमधला कोकण किनारा लावतो. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, हर्णै-रत्नागिरीच्या बोटी बाहेर पडतात, पाऊस मात्र चालूच असतो. लाकडाची किंवा फायबरची बोट रडारच्या लहरी फार थोड्या परतवते. लाटेआड गेली की तेवढ्याही नाहीत. त्यात मुलं पडदा स्वच्छ दिसावा म्हणून लाटांचे ठिपके पुसणारं सी क्लटरचं बटण फिरवत नेतात आणि लाटांबरोबर बोटीही पुसल्या जातात.

जहाजाचा अँटेना साधारण अडीच सेकंदांत एक फेरी मारतो. बोट आता कुठे असायला हवी, हे रडारमधला ट्रॅकर आधीच्या वेगावरून काढतो आणि तिथे लहानशी चौकट, म्हणजे गेट, धरून एकोची वाट बघतो. एको आला नाही तर अंदाजाने पुढे सरकतो, गेट थोडं मोठं करतो. सलग १० फेऱ्यांपैकी ५ फेऱ्यांत स्पष्ट दिसणाऱ्या टार्गेटचा माग सुटता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा निकष आहे. माग सुटलाच तर अलार्म वाजतो, शेवटची जागा पडद्यावर दिसते.

त्या अलार्मचा मला आदर वाटतो. यापुढचं मला ठाऊक नाही, असं यंत्र उघड सांगतं. मला धास्ती असते ती अलार्म न वाजण्याची. मोठ्या झालेल्या गेटमध्ये शेजारची बोट शिरली, की ट्रॅकर तिलाच धरून बसतो. टार्गेटचा नंबर तोच, वेक्टर, म्हणजे दिशा आणि वेग दाखवणारी रेघ, मात्र वळलेला. बघणाऱ्याला वाटतं, बोटीने दिशा बदलली.

अलार्म वाजला की मुलांचं बोट तो बंद करायला धावतं. मी आधी दुर्बीण घ्यायला लावतो, टार्गेट शेवटचं दिसलं त्याच बेअरिंगवर, म्हणजे दिशेला. मग लुकआऊटला सांगायचं, सी क्लटरचं बटण मागे आणायचं, दुसरा रडार बघायचा. १५ नॉटने जाणारं जहाज मिनिटात साडेचारशे मीटरहून अधिक अंतर कापतं. अपुऱ्या रडार माहितीवरून अनुमान काढू नये, असं टक्कर टाळण्याच्या सातव्या नियमातच लिहिलंय. बोट पुन्हा सापडली तरी तिचा वेक्टर नवाच समजायचा. तो स्थिरावायला ३ मिनिटं लागू शकतात, आणि तोवर डोळे काचेबाहेर.